बटण दाबलं तरी पीसी चालूच होत नाही: घरी जोडलेल्या मशिनचा दोष कसा पकडायचा

सगळे भाग बसवले, केबली लावल्या, बटण दाबलं आणि काहीच झालं नाही, की पहिला संशय मदरबोर्डवर जातो. तो बिचारा बहुतेक वेळा निर्दोष असतो. घरी जोडलेल्या मशिनमध्ये जळालेला भाग क्वचित निघतो. अर्धवट बसलेला कनेक्टर, एक पिन सरकवून लावलेली वायर, बोर्डखाली राहून गेलेला जादाचा स्टँडऑफ (बोर्डला पत्र्यापासून उचलून धरणारा छोटा खुंटा), हीच मंडळी जास्त सापडतात. म्हणून नवा भाग मागवण्याआधी मशिन नेमकं कसं चालू होत नाही ते नीट बघा.

याचे चार प्रकार आहेत. पहिला, पूर्ण सामसूम: दिवा नाही, पंखा नाही, आवाज नाही. दुसरा, पंखा पाव फेरी मारतो आणि लगेच सगळं गप्प. तिसरा, मशिन चालू होतं, काही सेकंदांत बंद पडतं, कधी आपोआप पुन्हा चालू होतं. चौथा, पंखे फिरतात, दिवे लागतात, फक्त स्क्रीन काळी. या चौथ्यालाही लोक ‘पॉवर येत नाही’ म्हणतात, पण तिथे पॉवर आलेलीच असते. अशा मशिनला नवा एसएमपीएस (भिंतीतली वीज मशिनच्या भागांना लागेल तशी करून देणारं खोकं) घालणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

हात घालण्याआधी दोन गोष्टी. एसएमपीएसमागचा खटका बंद करा, वायर भिंतीच्या सॉकेटमधून काढा आणि मग पॉवर बटण दहाएक सेकंद दाबून धरा, म्हणजे उरलासुरला करंट निघून जातो. बोर्डला हात लावण्यापूर्वी कॅबिनेटच्या रंग न दिलेल्या धातूला स्पर्श करा. एसएमपीएसचं खोकं मात्र कधीच उघडायचं नाही. आतल्या मुख्य कपॅसिटरवर ३०० व्होल्टच्या वर दाब असतो आणि वायर काढल्यावरही तो काही काळ टिकू शकतो.

पूर्ण सामसूम

भिंतीपासून सुरुवात करा. यूपीएस, स्पाइक गार्ड, एक्स्टेन्शन बोर्ड यांतलं काहीही मध्ये न ठेवता वायर सरळ भिंतीत लावा आणि त्याच सॉकेटमध्ये दिवा लावून बघा. पॉवर केबल एसएमपीएसच्या बाजूला सैल बसण्याचं प्रमाण बरंच असतं, ती शेवटपर्यंत दाबा. खटका ‘I’ वर हवा, ‘O’ म्हणजे बंद. जुन्या काही एसएमपीएसना मागे ११५/२३० व्होल्टचा छोटा लाल सरकता खटकाही असतो. तो आपल्या पुरवठ्याशी जुळतो ना, हे वायर लावण्यापूर्वीच बघायचं. पुरवठा २३०चा आणि खटका ११५वर असेल तर एसएमपीएस फुटतो.

आता कॅबिनेटच्या बटणाची वायर. बोर्डच्या खालच्या कडेला पुढच्या पॅनेलचा हेडर, म्हणजे वायरी लावायच्या पिनांचा गट, असतो: दोन ओळी, एकीत पाच पिना, दुसरीत चार आणि पाचव्याच्या जागी रिकामं. बहुतेक बोर्डांवर, चार पिनांच्या ओळीत त्या रिकाम्या जागेला लागून असलेल्या दोन पिना पॉवर बटणाच्या असतात. उरलेल्या दोन पॉवरच्या दिव्याच्या. तरी बोर्डच्या पुस्तिकेतलं चित्र समोर ठेवाच. बटणाच्या वायरला उलटसुलट नसतं, ती कशीही लावली तरी चालते. दिव्यांना मात्र अधिक-उणे असतं, पण दिवा उलटा लागला तर तो फक्त लागत नाही, मशिन अडत नाही. खरी चूक होते ती प्लग एक पिन बाजूला सरकून बसण्यात. कॅबिनेटच्या अंधाऱ्या कोपऱ्यात हे डोळ्यांना कळतच नाही, मोबाइलचा टॉर्च लावा.

बटणाचा संशय एका मिनिटात मिटवता येतो. बटणाची वायर काढून टाका, एसएमपीएस चालू करा आणि त्या दोन पिनांना चपट्या स्क्रूड्रायव्हरचं टोक सेकंदभर एकदम टेकवा. मशिन सुरू झालं तर दोष कॅबिनेटच्या बटणात किंवा त्याच्या वायरीत आहे. रिसेटचं बटण धडधाकट असेल तर त्याचीच वायर पॉवरच्या पिनांवर लावून काम चालवा. दोन्ही बटणं विजेच्या दृष्टीने एकसारखीच असतात.

मशिन तरीही गप्प? मग २४ पिनांचा मोठा कनेक्टर. पहिल्यांदा जोडणारे लोक बोर्ड मोडेल या भीतीने तो अर्धाच दाबतात. खाली हाताचा आधार देऊन, बाजूची क्लिप बोर्डच्या खाचेवर अडकेपर्यंत दाबायचा. एसएमपीएस मॉड्युलर (केबली सुट्या होणारा) असेल तर केबलचं दुसरं टोकही तपासा. तिकडे ती सैल असते आणि आपण तासभर बोर्डकडे बघत बसतो.

एसएमपीएस जिवंत आहे का

बोर्डवर स्टँडबायचा दिवा असेल आणि तो लागत असेल, तर एसएमपीएसची ५ व्होल्टची राखीव लाइन चालू आहे एवढं समजतं. त्यावरून १२ व्होल्टची लाइन ठीक आहे असं मात्र म्हणता येत नाही.

एसएमपीएस एकटा तपासायचा तर २४ पिनांचा कनेक्टर बोर्डपासून काढून, ‘चालू हो’ सांगणारी पिन ग्राउंडला जोडायची. पूर्वी ही वायर हिरवी आणि ग्राउंड काळी असायची. आता सगळ्याच केबली काळ्या, त्यामुळे मोजावं लागतं. नुसतं ‘डावीकडून चौथी’ असं पाठ केलं तर कनेक्टर उलटा धरल्यावर फसगत होते. खात्रीची खूण वेगळी आहे. ज्या बाजूला क्लिप आहे त्या ओळीत एक भोक जवळपास सगळ्या एसएमपीएसमध्ये रिकामं असतं, आत धातू नाही आणि मागे वायरही नाही. ही पिन २०. तिच्या एका बाजूला चार भोकं उरतात, दुसऱ्या बाजूला सात. सात भोकांच्या दिशेने मोजत जा: पहिलं, दुसरं, तिसरं भोक ग्राउंड, आणि चौथं म्हणजे पिन १६, आपली हिरवी. सोळाच्या दोन्ही शेजारी ग्राउंडच आहे, हे आपलं नशीब.

एसएमपीएसच्या सगळ्या केबली इतर भागांपासून सोडवा. एखादा जुना कॅबिनेट-पंखा किंवा हार्ड डिस्क तेवढी जोडा, म्हणजे थोडा भार मिळेल. खटका बंद असतानाच प्लास्टिकचं आवरण असलेल्या वायरचा किंवा सरळ केलेल्या पेपरक्लिपचा तुकडा १६ आणि शेजारच्या ग्राउंडमध्ये घाला, हात काढून घ्या आणि मग खटका चालू करा. पंखा फिरला तर एसएमपीएस सुरू होतोय. इथे एक गोम आहे: हल्लीच्या बऱ्याच एसएमपीएसचा स्वतःचा पंखा कमी भारावर मुद्दामच फिरत नाही. म्हणून तो थांबलेला बघून एसएमपीएसला मृत ठरवू नका, जोडलेला पंखा फिरतो का ते बघा.

मल्टिमीटर असेल तर डीसी २० व्होल्टवर ठेवा, काळं टोक ग्राउंडवर. १२ व्होल्टच्या लाइनवर ११.४ ते १२.६, ५ व्होल्टवर ४.७५ ते ५.२५, ३.३ व्होल्टवर ३.१४ ते ३.४७ एवढं यायला हवं. ही सूट दोन्ही बाजूंना ५ टक्क्यांची आहे. या मर्यादेबाहेरचा आकडा आला की एसएमपीएस बाद. आत आला तरी तो पूर्ण निर्दोष ठरत नाही, कारण बिनभाराचा एसएमपीएस १२ व्होल्ट दाखवतो आणि ग्राफिक्स कार्डाने ओढायला सुरुवात केली की मान टाकतो.

यापेक्षा जास्त सांगणारी तपासणी बोर्ड जोडलेला ठेवून करता येते, आणि ती फार कमी लोक करतात. कनेक्टर बोर्डवर बसलेला असताना मल्टिमीटरचं बारीक टोक मागून, वायर आत शिरते तिथून, पिन १६ ला लावा. मशिन बंद आणि एसएमपीएसचा खटका चालू असताना तिथे साधारण ३ ते ५ व्होल्ट दिसतात. आता पॉवर बटण दाबा. आकडा शून्याजवळ पडला तर बोर्डने आपलं काम केलं, एसएमपीएसला हुकूम दिला. त्यानंतरही काही हलत नसेल तर दोष एसएमपीएसचा, किंवा तो कुठल्या तरी शॉर्टमुळे अडून बसलाय. आकडा हललाच नाही तर बटणाचा निरोप बोर्डपर्यंत पोहोचत नाही किंवा बोर्ड तो पुढे देत नाही. आणि मुळात १६ वर काहीच व्होल्टेज नसेल तर राखीव लाइन बघा. पिन २० च्या बरोबर समोर, दुसऱ्या ओळीत, पिन ८ आहे. तिच्या लगतची, जवळच्या टोकाकडची, ती पिन ९, जुन्या केबलींतली जांभळी. तिथे खटका चालू असताना कायम ५ व्होल्ट हवेत. नसतील तर एकदा कनेक्टर बोर्डपासून सोडवून तीच पिन पुन्हा मोजा. सुटल्यावर ५ व्होल्ट आले तर बोर्ड ती लाइन खाली ओढतोय, तरीही नाही आले तर एसएमपीएस गेला.

पंखा दचकून थांबतो

पाव फेरी मारून मशिन गप्प झालं की एसएमपीएसला कुठेतरी शॉर्ट दिसला आणि त्याने स्वतःला वाचवलं असं समजा. पुन्हा पुन्हा बटण दाबून उपयोग नाही. एकदा असा अडला की तो खटका बंद करून मिनिटभर थांबल्याशिवाय बहुधा सुटत नाही, आणि घाईत दाबलेलं बटण ‘आता तर काहीच होत नाही’ असा भलताच निष्कर्ष काढायला लावतं.

वायर काढून एकेक गोष्ट सोडवत चला, आणि प्रत्येक वेळी एकच. आधी पुढच्या यूएसबीच्या केबली. त्या हेडरमधली एखादी पिन वाकून शेजारणीला टेकते. मग डिस्का, मग ग्राफिक्स कार्ड पूर्ण बाहेर. कार्ड काढल्यावर मशिन चालू राहिलं तर कार्ड किंवा त्याची केबल. नाही राहिलं तर प्रोसेसरजवळचा ८ पिनांचा पॉवर कनेक्टर काढून बटण दाबा. स्क्रीनवर काही येणार नाही, पण पंखे न थांबता फिरत राहिले तर शॉर्ट प्रोसेसरच्या पॉवर भागात आहे: बोर्डवरचा मॉस्फेट (वीज नियंत्रित करणारा छोटा भाग) किंवा क्वचित प्रोसेसर. मग सगळी वीज तोडून, बोर्डवरच्या त्या ८ पिनांच्या सॉकेटमध्ये १२ व्होल्ट आणि ग्राउंड यांच्यात मल्टिमीटरची बीप (कंटिन्युइटीची सेटिंग) लावून बघा. क्षणभर वाजून थांबली तर ते कपॅसिटर भरल्याचं लक्षण, चिंता नको. सतत वाजत राहिली तर बोर्ड दुरुस्तीला.

त्याआधी कॅबिनेट तपासायला विसरू नका. बोर्ड पितळी स्टँडऑफवर उभा असतो आणि प्रत्येक स्टँडऑफ बोर्डच्या भोकाखालीच हवा. पूर्ण आकाराच्या एटीएक्स बोर्डला साधारण ९ भोकं असतात, मिनी-आयटीएक्सला ४. कॅबिनेटमध्ये मोठ्या बोर्डसाठी आधीच बसवलेले स्टँडऑफ तसेच ठेवून लहान बोर्ड बसवला की एखादा नेमका पाठीच्या सोल्डरला टेकतो. एखादा कमी असला तर फारसं बिघडत नाही, एक जास्त असला तर सगळंच अडतं. मागच्या पोर्टांभोवतीच्या आय/ओ पत्र्याच्या स्प्रिंगसारख्या पट्ट्याही बघा. त्यांतली एखादी यूएसबी किंवा लॅनच्या खोबणीत घुसलेली असते. आणि घरंगळलेला स्क्रू! स्क्रू मोजून काढले होते आणि एक कमी आहे, तर तो बोर्डमागेच आहे असं धरून चाला.

चालू होतं आणि पडतं

इथे घड्याळ लावा. दर वेळी नेमक्या चारेक सेकंदांनी बंद होत असेल तर पॉवर बटण आत अडकलंय. बटण चार सेकंद दाबून धरलं की मशिन सक्तीने बंद करायचं, हा नियमच आहे आणि बोर्ड तो पाळतोय. वायर काढून स्क्रूड्रायव्हरने चालू केलं की कळेल.

दोन-चार सेकंदांत पडून पुन्हा आपोआप उठत असेल तर आधी प्रोसेसरचा ८ पिनांचा कनेक्टर बघा. तो बोर्डच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात, कूलर आणि कॅबिनेटच्या अडचणीत असल्यामुळे लावायचाच राहून जातो. तो ४+४ असा दुभंगतो. ग्राफिक्स कार्डाचा ६+२ असा, आणि दिसायला त्याचाच भाऊ. दोन्हींत १२ व्होल्ट आणि ग्राउंड उलट बाजूंना असतात. म्हणून चुकीचा कनेक्टर जोराने बसवायचा मोह झाला तर थांबा. केबलवर ‘सीपीयू’ लिहिलेलं असतं ते वाचा.

त्यानंतर कूलर. तळाची पारदर्शक फिल्म काढली का, चारही स्क्रू सारखे आवळले का, पंखा किंवा पंप त्याच्याच हेडरवर आहे का. कूलर नीट टेकला नसेल तर प्रोसेसर काही सेकंदांत तापून स्वतःला बंद करतो. मशिन १५ सेकंदांनी बंद होत असेल आणि स्क्रीनवर यूएसबी ओव्हर करंटचा इशारा दिसत असेल, तर पुढच्या किंवा मागच्या यूएसबी पोर्टमधल्या वाकलेल्या पिना शोधा.

डीडीआर५ रॅम असलेलं नवं मशिन मात्र वेगळं. पहिल्यांदा चालू होताना बोर्ड रॅमचं ट्रेनिंग करतो, म्हणजे तिच्याशी जुळणारी सेटिंग शोधतो. त्या वेळी स्क्रीन काळी, पंखे चालू, कधी एखाद-दोन वेळा आपोआप रीस्टार्ट. एएम५ (एएमडीच्या रायझन प्रोसेसरचं नवं सॉकेट) बोर्डांवर यात काही मिनिटं जातात, रॅम जास्त असेल तर आणखी. मध्येच वीज तोडली की हा प्रकार पुन्हा पहिल्यापासून. दहा मिनिटं हात बांधून बसा.

पंखे फिरतात, स्क्रीन काळी

मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डात लावा, बोर्डच्या पोर्टमध्ये नाही. कार्ड नसेल तर प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स आहे का ते तपासा. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी एफ आहे त्यांत ते नसतं, आणि एएम४ (एएम५च्या आधीचं सॉकेट) च्या रायझनमध्ये मुख्यतः जी अक्षराच्या मॉडेल्समध्येच असतं. नव्या मोठ्या कार्डांचा १६ पिनांचा कनेक्टर जराही बाहेर राहिला तर कार्ड नीट सुरू होत नाही, शिवाय पिना तापून वितळण्याचा धोका. कनेक्टर आणि कार्ड यांच्यात फट दिसता कामा नये.

पुढचा संशय रॅमवर. दोन स्टिक असतील तर प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत. एकच असेल तर दुसऱ्या खाचेत. दोन्ही टोकांना सारखा दाब देऊन ‘खट्’ असा आवाज यायला हवा. बऱ्याच बोर्डांवर खालची क्लिप हलतच नाही, त्यामुळे वरचं टोक अडकलं की स्टिक बसली असं वाटतं आणि खालचं टोक मिलिमीटरभर वर राहतं. एकेक स्टिक आळीपाळीने लावून बघा.

बोर्डवर सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट अशी नावं असलेले चार छोटे दिवे असतील तर काम सोपं: जो लागून राहतो तिथे गाडी अडली. सीपीयूचा दिवा लागून राहिला आणि प्रोसेसर बोर्डपेक्षा नवा असेल, तर बायोस (बोर्डमधला, मशिन सुरू करून देणारा प्रोग्राम) जुना असण्याची दाट शक्यता. बायोस फ्लॅशबॅकची सोय असलेल्या बोर्डवर प्रोसेसरशिवायही तो बदलता येतो. पेनड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट करायचा, फाइलला बोर्डच्या पुस्तिकेत दिलेलं अचूक नाव द्यायचं आणि नेमून दिलेल्या पोर्टमध्येच लावायचा. नावात एक अक्षर चुकलं तरी दिवा लुकलुकून थांबतो.

चालत्या मशिनमध्ये रॅम बदलल्यावर किंवा ओव्हरक्लॉक केल्यावर (ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवल्यावर) स्क्रीन गेली असेल तर सीमॉस, म्हणजे बोर्डने साठवलेल्या सेटिंग, पुसा. वायर काढा, सीआर२०३२ सेल काढून पाचेक मिनिटं ठेवा, किंवा त्यासाठीच्या दोन पिनांना काही सेकंद स्क्रूड्रायव्हर टेकवा. सेल मोजून बघा: नवा ३ व्होल्टच्या आसपास असतो, २.७ च्या खाली गेला असेल तर बदलून टाका.

तरीही नाहीच

बोर्ड कॅबिनेटबाहेर काढा आणि त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवा. चंदेरी अँटिस्टॅटिक पिशवीवर नको, तिचा बाहेरचा थर थोडाफार वीज वाहून नेऊ शकतो. वर फक्त प्रोसेसर, कूलर, एक रॅम स्टिक, २४ पिनांची आणि ८ पिनांची केबल. स्क्रूड्रायव्हरने चालू करा. इथे चाललं तर दोष कॅबिनेटमध्ये होता: स्टँडऑफ, पत्रा, बटण किंवा यूएसबी. चाललं नाही तर आता उरलेत चारच भाग. बदलून बघण्याचा क्रम एसएमपीएस, रॅम, बोर्ड आणि सर्वांत शेवटी प्रोसेसर, कारण प्रोसेसर स्वतःहून मरणं विरळा. सॉकेटच्या पिना वाकणं मात्र विरळा नाही. प्रोसेसर काढून टॉर्च तिरपा धरा. सगळ्या पिनांची टोकं एकसारखी चमकायला हवीत. ज्या ओळीत चमक मोडते तिथे पिन वाकली आहे. बोट लावू नका.

एसएमपीएस बदलला तर जुन्याच्या मॉड्युलर केबली नव्याला लावू नका, एकाच कंपनीच्या असल्या तरी. बोर्डकडचं टोक सगळ्यांचं सारखं असतं, एसएमपीएसकडच्या टोकाची रचना मात्र ज्याची त्याची. ५ व्होल्टच्या जागी १२ गेले की डिस्का एका क्षणात जातात. आणि बोर्ड वॉरंटीत परत पाठवायचा असेल तर सॉकेटवरची काळी प्लास्टिकची टोपी शोधून बसवा. पिना वाकलेल्या पोहोचल्या तर वॉरंटी नाकारतात, मग मूळ दोष काहीही असो.